खांबाआडचं गुडिसन

इंग्लंडमधल्या गुडिसन पार्क या फुटबॉल मैदानाचं तिकीट घेतानाच इशारा होता, की या खुर्चीवरून मैदानाचा काही भाग दिसत नाही, मध्ये खांब येतो. खाली ‘मान्य आहे’ म्हणून टिचकी मारायची होती. मारली. सात हजारांहून जास्त किलोमीटर जाऊन खांबामागं बसायचं, हे बायकोला सांगितलं नाही.

मी एव्हर्टनचा. कोल्हापुरात हे सांगितलं की लोक आधी विचारतात, ‘म्हणजे कुठलं?’ आमच्याकडे निम्मी पोरं मँचेस्टर युनायटेडची, उरलेली लिव्हरपूल, चेल्सी, बार्सिलोना अशी वाटलेली. लिव्हरपूल शहरातच दुसरा क्लब आहे आणि तो वयानं मोठा आहे, हे समजावून सांगायला मी आमच्या पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांचं उदाहरण देतो. एकच गाव, पाटाकडील वेगळं, दिलबहार वेगळं. आणि एकाच घरात दोन्हीकडची माणसं. मग लगेच कळतं. डिसेंबर २००४ मध्ये एव्हर्टनच्या ली कार्सलीनं लिव्हरपूलला गोल मारला आणि सगळे त्याच्या अंगावर पडले, तो ढीग मी टीव्हीवर बघितला आणि तिथंच अडकलो. १९९५ च्या एफए कपनंतर या क्लबनं एकही मोठी ट्रॉफी आणलेली नाही, हे मला नंतर कळलं. तोपर्यंत उशीर झाला होता.

माझी ताई मँचेस्टरला असते. ‘ये, ये’ असं दहा वर्षं म्हणत होती. २०२४-२५ हा एव्हर्टनच्या पुरुष संघाचा गुडिसन पार्कवरचा शेवटचा मोसम, पुढच्या वर्षी क्लब गोदीतल्या नव्या स्टेडियममध्ये जाणार, हे नक्की झालं तेव्हा मी म्हटलं, आता नाही गेलो तर मग काय बघायला जायचं?

बाहेरून जाणाऱ्या माणसाला सगळ्यात मोठी अडचण तिकिटाची नसते, तारखेची असते. सामन्यांचं वेळापत्रक जूनमध्ये लागतं. ते बघून विमानाचं तिकीट काढणारा फसतो. कारण टीव्हीवाले नंतर सामने उचलतात आणि शनिवारचा सामना रविवारी किंवा सोमवारी रात्री नेऊन ठेवतात. मी आठ दिवसांचा पट्टा धरला, मधोमध लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबशी सामना. तो शनिवारी दुपारी तीनलाच राहिला. हे माझं नशीब. आणि हेही खरं, की एव्हर्टन-ब्रेंटफर्ड सामना उचलून दुसरीकडे नेण्याची टीव्हीवाल्यांना गरज वाटली नसावी.

तिकिटाचं असं, की सीझन तिकीटवाल्यांच्या खुर्च्या आधीच गेलेल्या असतात. उरलेल्या आधी क्लबच्या मेंबरना. मग काही उरलंच तर बाकीच्या जगाला. म्हणून पैसे भरून मेंबर झालो. नाव पासपोर्टवर आहे तसंच घातलं, वडिलांच्या नावासकट. विक्री सुरू झाली तेव्हा इकडे दुपारचे अडीच वाजले होते. ऑफिसात मोबाइल ड्रॉवरमध्ये उघडा ठेवून बसलो, आणि पडद्यावर आलं, की रांगेत तुमच्यापुढे काही हजार लोक आहेत. मोंढ्यात नंबर लावल्यासारखं वाटलं. माझी पाळी आली तेव्हा एकेकट्या खुर्च्या उरल्या होत्या, आणि त्यातली एक ही खांबाची. दोन खुर्च्या शेजारी मागाल तर मिळणार नाहीत; एकटे जाल तर मिळेल. हे कुणी आधी सांगितलं असतं तर ताईच्या पोराला ‘तुलाही नेतो’ असा शब्द दिला नसता.

दाजींच्या ओळखीच्या एकानं आधीच्या वर्षी कुठल्याशा साइटवरून दुसऱ्या एका सामन्याची दोन तिकिटं चौपट भावानं घेतली होती. आदल्या रात्री मेल आला, तिकिटं रद्द. पैसे परत मिळवायला त्याला चार महिने लागले. इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं १९९४ पासून गुन्हा आहे. सिनेमाची विका, नाटकाची विका, फुटबॉलचं नाही. कारण पैशाचं कमी आणि भांडणाचं जास्त: कुठल्या बाजूचा माणूस कुठल्या स्टँडमध्ये बसतोय ते क्लबला माहीत असलं पाहिजे.

शनिवार, २३ नोव्हेंबर. गावाकडे त्या दिवशी विधानसभेचा निकाल. मतदान बुडवून आलो होतो, त्यामुळं मनात एक टोचणी होतीच. सकाळपासून फोनवर गुलाल. प्रत्येक ग्रुपवर फेऱ्यांचे आकडे, हलगीचे व्हिडिओ, कोण आघाडीवर, कोण पिछाडीवर. आणि खिडकीबाहेर बर्ट नावाचं वादळ. आडवा पाऊस. मी छत्री उचलली तर दाजी म्हणाले, ‘ठेवा ती. पाच मिनिटांत तिचं फूल होतंय.’ भाच्यानं माझा फोन घेऊन तिकीट वॉलेटमध्ये बसलंय का ते तिसऱ्यांदा तपासलं. ‘मामा, स्क्रीनशॉट चालत नाही. बॅटरी संपली की तू पण संपला.’ पोरगं स्वतः मँचेस्टर सिटीचं, त्यामुळं मला निरोप देताना त्याच्या चेहऱ्यावर दया होती.

मँचेस्टरहून लिव्हरपूल लाइम स्ट्रीट, तिथून चालत सेंट्रल स्टेशन, तिथून मर्सीरेलची लोकल पकडून कर्कडेल. गाडीत निळे मफलर दिसायला लागले आणि मी माझा बाहेर काढला. कर्कडेलला उतरून विचारावं लागत नाही. माणसं चालतात तिकडे चालायचं. वीसेक मिनिटं. लाल विटांची, एकाला एक चिकटलेली घरं, आणि त्या घरांच्या रांगेच्या शेवटी अचानक स्टेडियम. टीव्हीवर वाटतं तसं मोकळ्या मैदानात उभं नाही. गल्लीत घुसवलेलं आहे. समोरच्या घराचं दार उघडलं तर स्टँडची भिंत. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमभोवतीची गाळ्यांची दाटी ज्यानं बघितलीय त्याला हे ओळखीचं वाटेल.

कोपऱ्यावर एक जण मफलर विकत होता. अर्धा निळा, अर्धा लाल-पांढरा. एका बाजूला एव्हर्टन, दुसऱ्या बाजूला ब्रेंटफर्ड, मध्ये सामन्याची तारीख. आठवण म्हणून बरा वाटला. हात खिशाकडे गेला आणि आठवलं, भाच्यानं बजावलं होतं: ‘हाफ अँड हाफ घेऊ नको, लोक हसतात.’ बरोबरच आहे. अर्धा पाटाकडील, अर्धा दिलबहार असा टी-शर्ट घालून कोण गॅलरीत बसेल?

एव्हर्टनचा जुना गोलवीर डिक्सी डीन, त्याचा पुतळा पावसात उभा होता. १९२७-२८ च्या एका लीग मोसमात ६० गोल. इंग्लंडच्या लीगमध्ये हा आकडा अजून कुणाला गाठता आलेला नाही. १९८० मध्ये याच मैदानावर लिव्हरपूलविरुद्धचा सामना बघताना हा माणूस वारला. पुतळ्याच्या पायाशी फुलं होती आणि एक माणूस आपल्या पोराला फोटोसाठी उभं करत होता. पोरगं गारठून रडत होतं.

दोन स्टँडच्या कोपऱ्यात सेंट ल्यूकचं चर्च आहे, मैदानाला इतकं खेटून की त्याच्यामुळं स्टेडियमचा कोपराच भरता आलेला नाही. चर्चच्या हॉलमध्ये सामन्याच्या दिवशी चहा मिळायचा आणि क्लबच्या इतिहासाची मंडळी जुने फोटो, प्रोग्रॅम मांडून बसायची. मी भिजून आत शिरलो. तिथल्या बाईंनी ‘लव्ह’ म्हणून हाक मारत चहा दिला. दुधाचा, पण आपल्या मानानं फिकाच. एका आजोबांनी कुठून आलास विचारलं. इंडिया म्हटल्यावर मुंबई का म्हणाले. कोल्हापूर म्हटल्यावर थांबले. मग त्यांनी मला १८९२ ची गोष्ट सांगितली, जणू मी ती ऐकलेलीच नाही: एव्हर्टन आधी अ‍ॅनफिल्डवर खेळायचा. मालकाशी भाड्यावरून वाजलं. क्लब स्टॅनली पार्क ओलांडून इकडे आला, आणि तिकडे रिकाम्या मैदानावर त्या मालकानं नवीन क्लब काढला, तो लिव्हरपूल. ‘आमच्या भाडेकराराच्या भांडणातून जन्मलेत ते,’ आजोबा म्हणाले. तालमीची फूट आणि त्यातून निघालेलं नवं मंडळ. यात मला नवल वाटायचं कारण नव्हतं.

आत जायचं दार म्हणजे एक अरुंद लोखंडी फिरकी. भिंतीत जेमतेम एक माणूस मावेल एवढी फट. जाडजूड जॅकेट, पोटाशी बॅग, अशा अवस्थेत मी अडकलो. फोन यंत्रावर धरला, हिरवा दिवा लागला, फिरकी ढकलली, ती अर्धवट फिरली. मागून कुणी तरी पोट आत घे असं म्हणालं असावं; लिव्हरपूलची इंग्रजी मला चारात एक शब्द कळत होती. शंभरेक वर्षांपूर्वीची माणसं बारीक असावीत.

आत गेल्यावर जिन्याखाली बिअरची घाई चालली होती. मैदान दिसतं तिथं दारू न्यायला बंदी आहे, १९८५ च्या कायद्यानं, म्हणून सगळे खाली उभ्या उभ्या ग्लास रिकामा करतात. खायला ‘पाय’ होते, म्हणजे सारण भरून भाजलेला प्रकार. आत काय असतं विचारलं तर बीफ. मी चिप्स घेतले, वर करी सॉस. त्या सॉसबद्दल मी कोल्हापूरचा माणूस म्हणून काही न बोललेलं बरं.

बुलेन्स रोड स्टँडचा वरचा मजला. खुर्ची लाकडी, घडीची, आणि समोर तो खांब. डाव्या बाजूच्या गोलपोस्टचा अर्धा भाग आणि पेनल्टी बॉक्सचा एक तुकडा त्यानं खाल्ला होता. इथलं जुनं लोखंडी काम आर्चिबाल्ड लीच नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरचं. कठड्यावरच्या फुल्या-फुल्यांच्या त्या पट्ट्या ही त्याची सहीच म्हणतात. मला त्याच्या सहीपेक्षा त्याचा खांब जास्त जवळून बघायला मिळाला. निळ्या रंगाचे थरावर थर, काही ठिकाणी पोपडे निघालेले, आणि हाताच्या उंचीवर रंग घासून गुळगुळीत झालेला.

ते कशानं, ते शेजारच्या म्हाताऱ्यानं दाखवलं. सत्तरीचा असेल. मी बसलो तसं त्यानं विचारलं, ‘पहिल्यांदाच?’ मग म्हणाला, माझी खुर्ची त्याच्या पुतण्याची. पुतण्याची शनिवारी कामाची पाळी असली की तो ती क्लबमार्फत दुसऱ्याला देतो. ‘बॉल तिकडे गेला की मी डावीकडे झुकतो, तू उजवीकडे. दोघंही एकाच बाजूला झुकलो तर कुणालाच दिसणार नाही.’ आणि झुकताना तो तळहात खांबावर टेकवायचा. तिथंच रंग गेला होता.

पोरं-बाळं घेऊन आलेले, एकटे आलेले, सगळे आपापल्या ठरलेल्या जागी येऊन बसत होते आणि पुढच्या-मागच्याला नाव घेऊन हाक मारत होते. मी एकटाच नवा. खाली डाव्या कोपऱ्यात ब्रेंटफर्डची माणसं, आणि त्यांच्या-आमच्यात पिवळ्या जॅकेटवाल्यांची भिंत. प्रत्येकाला नंबराची खुर्ची, हे मोठी किंमत मोजून आलेलं आहे. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे प्रेक्षक चेंगरले, त्यात ९७ जीव गेले. या शहरात निळ्या-लालचं हाडवैर असलं तरी त्या विषयावर कुणी चेष्टा करत नाही. म्हाताऱ्याच्या गल्लीतलाही एक पोरगा त्यात गेला होता. एवढं सांगून तो मैदानाकडे बघत बसला.

सामन्याआधी जुन्या काळचा झगा घातलेली एक मुलगी मैदानाच्या कडेकडेनं गोळ्या फेकत चालते. टॉफी लेडी. पूर्वी इथं टॉफीची दुकानं होती, त्यावरून क्लबचं टोपणनाव टॉफीज. वारा असा होता की तिची टोपी एका हातानं धरलेली. गोळ्या वरच्या मजल्यापर्यंत काही येत नाहीत. म्हाताऱ्यानं खिशातून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. ‘वर बसणाऱ्यानं स्वतःची आणायची.’

मग भोंगा, आणि साठच्या दशकातल्या एका पोलिसी मालिकेची बासरी-ढोलाची धून. हीच धून मी वीस वर्षं टीव्हीच्या स्पीकरमधून ऐकत आलो होतो. इथं ती लाकडी फळ्यांतून पायात येत होती. सगळे उठले, फळ्या वाजल्या. मी इकडे-तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर डोळे पुसावे लागले असते.

आणि मग सामना. सामन्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आधीचा सामना शून्य-शून्य, हाही शून्य-शून्य. मध्यांतराच्या जरा आधी ब्रेंटफर्डचा कर्णधार नॉरगॉर घसरत आला आणि आमचा गोलकीपर पिकफर्ड याच्यावर आदळला. व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचानं, रेफरीला पडद्याकडे पाठवलं आणि लाल कार्ड निघालं. हे सगळं नेमकं खांबामागं घडलं. मी उजवीकडे झुकलो, म्हातारा डावीकडे, आणि दोघांनाही दिसली ती पाठमोरी माणसं. स्टेडियममध्ये बसून काय चाललंय ते कळत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी असतो तर चार कोनांतून बघितलं असतं.

पण घरी जे दिसत नाही ते इथं दिसतं. बॉल दुसऱ्या टोकाला असताना आमचा बचावपटू टारकोव्स्की हात करून करून मागची फळी एकेक पाऊल पुढे ओढतो. कॉर्नरच्या वेळी दोघं एकमेकांचे शर्ट धरून गप्पा मारल्यासारखे उभे असतात. टीव्ही बॉल दाखवतो, इथं मैदान दिसतं. खांब वजा जाता.

मध्यांतरानंतर अंधार पडला, दिवे लागले, दिव्यांच्या झोतात पाऊस तिरका दिसायला लागला. समोर दहाच खेळाडू, म्हणजे आता आमचंच राज्य असं मला वाटलं. म्हातारा म्हणाला, ‘आता बघ, आपल्याला सुचणार नाही.’ तसंच झालं. बॉल डावीकडे, बॉल उजवीकडे, परत मागे. परत मागे गेला की अख्खा स्टँड कण्हायचा. मला वाटलं होतं इंग्लंडमध्ये नव्वद मिनिटं गाणी चालतात. चालतात, पण जास्त करून पाहुण्यांच्या कोपऱ्यात. घरच्या माणसांचं मुख्य काम कुरकुर. प्रत्येक पासवर मत, प्रत्येक थ्रोवर उसासा, तेव्हाचा मॅनेजर शॉन डाइश याला वरून फुकटचे सल्ले. तासभर ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं, की शब्द कळत नसले तरी सूर मला पाठ आहे. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत चार वाजताच्या उन्हात आमचे काका-मामा याच सुरात बोलतात.

शेवटची दहा मिनिटं राहिली असतील. बॉक्सच्या तोंडावर बॉल मिळाला आणि आमच्या गड्यानं तो पुन्हा मागे दिला. माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘आरं मार की लेका! मागं काय देतोयस?’

चांगलं मोठ्यानं. पुढच्या ओळीतली दोन डोकी वळली. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘काय बोललास ते कळलं नाही, पण बरोबर आहे.’ आणि मागच्या ओळीतल्या एकानं माझ्या खांद्यावर थाप मारली. त्यानंतर मला बिस्किटाचा पुडाही विचारला गेला.

ब्रेंटफर्डचा गोलकीपर फ्लेकन हाती येईल ते अडवत होता. शिट्टी झाली तेव्हा बरीच माणसं आधीच निघून गेली होती, उरलेल्यांनी खेळाडूंना ‘बू’ केलं. ते ऐकून मला वाईट वाटलं, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. म्हातारा म्हणाला, ‘तू लांबून आलायस, वाजव.’ मी त्याला विचारलं, नव्या स्टेडियममध्ये जागा घेतली का. घेतली होती, पुतण्याशेजारीच. ‘खांब नाही तिथं,’ म्हणाला. जरा थांबून म्हणाला, ‘ओठंगायला काही तरी लागतं माणसाला.’ मग त्यानं मफलर नीट केला, खांबावर तळहात टेकवून उठला आणि जिन्याकडे गेला. मी त्याचं नाव विचारलंच नाही.

कर्कडेलला परत गर्दी, रांग, पाऊस. गाडीत बसल्यावर फोन उघडला. एक गंमत सांगायची राहिली. शनिवारी दुपारचे सामने इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवत नाहीत; पावणेतीन ते सव्वापाच बंदी. साठच्या दशकात बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हे धरून लावलं. टीव्हीवर मोठे सामने दिसले तर गावोगावच्या छोट्या क्लबांच्या मैदानावर कोण येणार, हा हिशोब. त्यामुळं पन्नास-साठ किलोमीटरवर बसलेल्या दाजींना आणि भाच्याला सामना दिसत नव्हता, आणि शिवाजी पेठेत रात्री साडेआठला माझे चार मित्र, कपाळाला दिवसभराचा गुलाल तसाच ठेवून, तो बघत होते. मध्यांतराला दाजींनी स्कोअर विचारायला फोन लावला तो कोल्हापूरला.

ग्रुपवर एकशे बारा मेसेज होते. निम्मे निकालाचे, निम्मे माझ्या पैशांचं काय झालं याचे. ‘विमानाचं भाडं भागिले शून्य गोल = ?’ असा एक. आणि त्याच्याखाली टीव्हीच्या पडद्याचा काढलेला फोटो: दूरवरचा स्टँड, मुंग्यांएवढी माणसं, त्यातल्या एका निळ्या टोपीभोवती लाल गोल. खाली लिहिलं होतं, ‘भावा, घावलास! ह्यो तूच न्हवं?’

तो स्टँड समोरचा होता. मी टोपी घातलेलीच नव्हती.

‘हो, मीच,’ असं टाकलं आणि गोळी तोंडात घातली.